छोट्या कॉलेजचं हेड कोचपद: घ्यावं की थांबावं?

प्रिय ताई,

मी मूळचा कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. वय ३२. पेठेच्या संघाकडून शाहू स्टेडियमवर खेळलो, इंजिनिअरिंग केलं आणि मग स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकायला अमेरिकेत आलो. शिकताना ग्रॅज्युएट असिस्टंट होतो. गेली चार वर्षं ओहायोतल्या एका डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळांच्या तीन पातळ्यांतल्या सर्वात वरच्या, विद्यापीठात पुरुषांच्या सॉकर (म्हणजे आपल्या फुटबॉल) संघाचा असिस्टंट कोच आहे. त्यातली तीन वर्षं एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. आता दोन तासांवरच्या एका छोट्या गावातल्या खाजगी डिव्हिजन थ्री कॉलेजने हेड कोचची ऑफर दिली आहे. पगार जवळपास आत्ताइतकाच. आमचे हेड कोच म्हणतात, "थांब, दोन-तीन वर्षांत डिव्हिजन वनमध्येच काहीतरी मिळेल. एकदा खाली गेलास की वर येणं अवघड." शिवाय भारतीय कोच बघून खेळाडूंचे आई-वडील जरा बिचकतात, हेही मी पाहिलंय. बायको इथल्या हॉस्पिटलात नोकरी करते, तिचा व्हिसा वेगळा. तिला गावात जायचं नाही आणि मला अडवायचंही नाही. कोल्हापुरात आबा विचारतात, "पोरांना बॉल खेळवायला एवढा शिकलास का?" उत्तर द्यायला दहा दिवस आहेत. काय करू?

— मंगळवार पेठेचा एक वाचक, ओहायो

प्रिय मित्रा,

दहाच दिवस आहेत, म्हणून माझं मत आधी सांगते: ऑफर घे. मात्र कॉलेजच्या तिजोरीत डोकावल्याशिवाय आणि व्हिसाच्या वकिलाशी स्वतः बोलल्याशिवाय सही करू नकोस. मी अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये प्रवेश विभागात आणि विद्यार्थ्यांच्या अडीअडचणी सोडवणाऱ्या विभागात बरीच वर्षं काढली आहेत. कोच मंडळींची टेबलं आमच्या शेजारीच असायची, त्यामुळे हे काम मी बाहेरून पाहिलेलं नाही.

तुझ्या हेड कोचचा हेतू चांगलाच असणार. कामाचा असिस्टंट कुणालाच सोडवत नाही. पण "खाली गेलास की वर येणं अवघड" हे त्यांचं म्हणणं इतिहासाला धरून नाही. जेरेमी गन यांचं उदाहरण घे. कोलोरॅडोच्या डोंगरातल्या ड्युरँगो गावातलं फोर्ट लुइस कॉलेज, डिव्हिजन टू. तिथे ते हेड कोच होते आणि २००५ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. मग शार्लट, मग स्टॅनफर्ड, आणि स्टॅनफर्डला २०१५, २०१६, २०१७ अशी सलग तीन डिव्हिजन वन विजेतेपदं. ख्रिस ग्रासी वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्स्टन विद्यापीठातून, म्हणजे डिव्हिजन टूमधूनच, डिव्हिजन वनच्या मार्शल विद्यापीठाला गेले आणि २०२१ च्या मे महिन्यात इंडियानासारख्या मातब्बर संघाला अंतिम सामन्यात हरवून मार्शलला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. डिव्हिजन थ्रीतून थेट वर जाणारे कमी, हे खरं. तरी मसाया कॉलेजचे डेव्ह ब्रँट तिथूनच अमेरिकन नौदल अकादमीच्या, म्हणजे नेव्हीच्या, डिव्हिजन वन संघाकडे गेले. या तिघांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. त्यांची निवड झाली तेव्हा त्यांच्या नावावर हेड कोच म्हणून काही वर्षांचं काम होतं, आणि ते कुणालाही तपासून बघता येत होतं.

थांबण्याचा मार्गही बंद नाही, हे मला मान्य आहे. व्हरमाँट विद्यापीठाने २०२४ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं आणि काही दिवसांतच त्यांचे कोच रॉब डाउ पेन स्टेटला गेले. रिकाम्या जागी त्यांच्याच हाताखालच्या कोचला बढती मिळाली. पण असं घडायला तुझा हेड कोच जिंकून आणि मानाने दुसरीकडे जावा लागतो. तो हरून गेला तर नवा कोच आपली माणसं घेऊन येतो आणि जुन्या असिस्टंटांना जूनपर्यंत दुसरी नोकरी शोधावी लागते. तू एच-१बीवर आहेस. नोकरी गेली तर तुझ्या हातात फक्त ६० दिवस असतात. असिस्टंट म्हणून थांबणं सुरक्षित वाटतं, पण त्यात तुझं भवितव्य दुसऱ्याच्या निकालावर टांगलेलं राहतं.

डिव्हिजन वनमधल्या जागाही किती? पुरुषांचे संघ सुमारे २००, महिलांचे साडेतीनशेच्या आसपास. हा फरक आपोआप पडलेला नाही. १९७२ च्या 'टायटल नाइन' कायद्याने मुलींना खेळात समान संधी देणं बंधनकारक केलं, आणि ते अतिशय योग्य केलं. पण अमेरिकन फुटबॉलच्या अवाढव्य पुरुष संघाला हात न लावता तोल सांभाळायचा म्हटलं की कुऱ्हाड कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, सॉकर अशा पुरुषांच्या इतर खेळांवर पडते. तुझ्याच राज्यात बघ. सिनसिनाटी विद्यापीठाने २०२० च्या एप्रिलमध्ये पुरुषांचा सॉकर संघ एका घोषणेने बंद केला. ओहायोतल्याच अथेन्स गावच्या ओहायो युनिव्हर्सिटीत बॉब ब्रॅडली वयाच्या २२ व्या वर्षी हेड कोच झाले होते. पुढे ते अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचे आणि इजिप्तचे कोच झाले, २०१६ मध्ये स्वान्सीला जाऊन प्रीमियर लीगमधले पहिले अमेरिकन मॅनेजर ठरले. त्या विद्यापीठात आज पुरुषांचा सॉकर संघ नाही. त्यातच जून २०२५ मध्ये खेळाडूंच्या खटल्यात कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर डिव्हिजन वनचा पैशाचा हिशेबच बदललाय. सामील झालेल्या विद्यापीठांना पहिल्या वर्षी, म्हणजे २०२५-२६ मध्ये, २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना वाटण्याची मुभा मिळाली, आणि ती बहुतांशी अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे वळते. सॉकरला पूर्वी ९.९ स्कॉलरशिपची मर्यादा होती. आता त्या विद्यापीठांत संघात २८ खेळाडू ही मर्यादा आहे, आणि त्यांतल्या किती जणांना पैसे द्यायचे ते ज्याच्या त्याच्या खजिन्यावर. म्हणजे श्रीमंत विद्यापीठाचा कोच आणखी श्रीमंत आणि बाकीचे दरवर्षी बजेटच्या बैठकीत जीव मुठीत धरून.

आता ज्या कारणासाठी मी तुला खरोखर जायला सांगतेय त्याकडे येते.

असिस्टंट सुचवतो आणि हेड कोच ठरवतो. हे वाक्य तू शंभरदा ऐकलं असशील, पण ठरवणं म्हणजे काय हे अंगावर आल्याशिवाय कळत नाही. चार वर्षं घाम गाळलेल्या सीनियरला त्याच्या शेवटच्या सीझनमध्ये तू बेंचवर बसवणार आहेस, हे त्याला तोंडावर सांगायचं. रात्री दीड वाजता हॉस्टेलमधून आलेला फोन उचलायचा. घोटा मोडलेल्या मुलाच्या आईला स्वतः फोन करायचा, दुखापती बघणाऱ्या ट्रेनरकरवी नाही. बसचं भाडं वाढलं म्हणून दूरच्या गावातला सामना रद्द करायचा की रात्री राहण्याऐवजी पहाटे निघायचं, हे ठरवायचं. ऑगस्टमध्ये सराव सुरू होतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत आठवड्याला दोन-दोन सामने. ते संपले की लगेच पुढच्या वर्षीच्या खेळाडूंच्या मागे शनिवार-रविवार गाडी हाकायची. मैदानावरचं कोचिंग, जे आपल्याला आवडतं, ते वर्षभराच्या कामातला लहान हिस्सा असतो. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला हे समजायला अवघड नाही. तालमीतला वस्ताद डाव शिकवतो तेवढाच वस्ताद नसतो. पोरांचं खाणं, झोप, वागणं, घरची भांडणं सगळं त्याच्याकडे येतं.

डिव्हिजन थ्रीमध्ये हे सगळं आणखी कसाला लागतं, आणि म्हणूनच शिकायला ती जागा मला सगळ्यात चांगली वाटते. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप देता येत नाही, अजिबात नाही. मुलाला मिळते ती मदत गुणांवर किंवा घरच्या परिस्थितीवर. म्हणजे एखादा मुलगा ऑक्टोबरात वैतागून तुझा संघ सोडून गेला तर त्याचा एक डॉलरही बुडत नाही. त्याला धरून ठेवायला तुझ्याकडे पैशाचा दोर नाही. संघात ३५ मुलं असतील, मैदानावर ११ उतरतील, आणखी सात-आठ बदली म्हणून. उरलेली १६-१७ मुलं दर आठवड्याला पहाटे उठून, पावसात, एका मिनिटाच्याही खेळाची खात्री नसताना का येतील? ती आली, चार वर्षं टिकली, पदवी घेऊन गेली, तर तू कोच आहेस. डिव्हिजन वनमध्ये हा प्रश्न पैशाने झाकला जातो. इथे तो दररोज समोर उभा असतो.

आणि कॉलेजलाही याच आकड्याशी मतलब आहे. हे मी प्रवेश विभागात बसून पाहिलंय. छोट्या खाजगी कॉलेजांची चूल विद्यार्थ्यांच्या फीवर पेटते. हेड कोचला नेमताना तिथला अ‍ॅथलेटिक डायरेक्टर चषकाबद्दल बोलतो खरा, पण प्रवेश विभाग विचारतो की दरवर्षी नवी किती मुलं आणणार आणि त्यातली दुसऱ्या वर्षाला किती परतणार. म्हणून मुलाखतीत न विचारलेला प्रश्न आता विचार: माझ्याकडून दर वर्षी किती खेळाडूंच्या प्रवेशाची अपेक्षा आहे, आणि माझं काम चांगलं की वाईट हे कशावर ठरणार? उत्तर १२ आलं तर ठीक. ४५ जणांचा संघ आणि एकच अर्धवेळ असिस्टंट असं चित्र निघालं तर तू कोच म्हणून नव्हे, फी गोळा करणारा म्हणून जातोयस. आधीचा कोच का गेला हेही विचार, आणि त्याला स्वतः फोन कर. बहुतेक कोच अशा वेळी खरं बोलतात. मुलाखतीत भेटलेल्या खेळाडूंपैकी दोघांशी, शक्यतो न खेळणाऱ्या दोघांशी, पुन्हा बोलायची परवानगी माग.

तुझ्या घराजवळच डेलावेअर गावात ओहायो वेस्लियन आहे. जे मार्टिन तिथे १९७७ मध्ये हेड कोच झाले आणि त्यांनी ७०० हून अधिक सामने जिंकले, पुरुषांच्या कॉलेज सॉकरमध्ये तोवर कुणीही जिंकले नव्हते इतके. १९९८ आणि २०११ मध्ये राष्ट्रीय विजेतेपदं. डिव्हिजन थ्रीतच. पेनसिल्व्हेनियातल्या मसायाने २००० ते २०१७ दरम्यान ११ विजेतेपदं घेतली. फुटबॉलच्या दर्जाचं म्हणशील तर या संघांचे सामने जाऊन बघ, तुझ्या मनातली पायरी थोडी सरकेल. मला स्वतःला मार्टिन यांचं आयुष्य कुणाच्याही पेक्षा कमी वाटत नाही. एकाच मैदानावर ज्यांनी मुलांच्या कितीतरी तुकड्या घडवल्या, त्यांना "खाली" कोण म्हणणार? तुला कदाचित वर जायचंच असेल, तेही रास्त आहे. पण तिथे जाताना "हे तीन वर्षांचं स्टेशन" असं मनात धरून गेलास तर पहिल्या वर्षाच्या मुलांना ते कळेल. त्यांना चार वर्षं तिथेच काढायची आहेत.

एका जागी टिकून राहिलं की काय उभं राहतं, याचं उदाहरण म्हणून इंडियाना विद्यापीठाचे जेरी यीगली आठवतात. १९६३ मध्ये आले तेव्हा तिथे सॉकरचा अधिकृत संघ नव्हता, नुसता क्लब होता. दहा वर्षं त्यांनी तो क्लब सांभाळला. १९७३ मध्ये अधिकृत दर्जा मिळाला, आणि पुढे त्याच संघाने सहा राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. सहावं २००३ मध्ये, त्यांच्या निवृत्तीच्या सीझनला.

आई-वडील बिचकतात हे तू लिहिलंस ते मी हलक्यात घेत नाही. अमेरिकन सॉकरमध्ये इंग्लिश उच्चार कानावर पडले की माणसं आपोआप मान डोलावतात, आणि भारतीय नाव ऐकलं की "तुम्ही कुठे खेळलात?" हा प्रश्न येतो. हे अन्यायाचं आहे आणि ते लवकर बदलणार नाही. तरी या खेळात बाहेरून येऊन उभी राहिलेली माणसं बरीच आहेत. हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठाचे कोच लिंकन फिलिप्स त्रिनिदादचे. १९७१ मध्ये जिंकलेलं विजेतेपद पात्रतेच्या नियमांवरून काढून घेतलं गेलं, तेव्हा त्यांनी संघ पुन्हा बांधला आणि १९७४ मध्ये एकही सामना न हरता ते परत मिळवलं. मेरीलँडचे साशो चिरोव्स्की मॅसेडोनियात जन्मले, कॅनडात वाढले. १९९३ मध्ये मेरीलँडला आले आणि २००५, २००८, २०१८ अशी तीन विजेतेपदं त्यांच्या नावावर आहेत. ज्युलिअ‍ॅन सिच यांनी २०२२ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या पुरुष संघाला हेड कोच म्हणून पहिल्याच वर्षी डिव्हिजन थ्रीचं विजेतेपद मिळवून दिलं. पुरुषांच्या सॉकरमध्ये असं करणारी ती पहिली स्त्री. तिच्याकडे बघून किती आई-वडील बिचकले असतील?

"तुम्ही कुठे खेळलात?" या प्रश्नाला सरळ उत्तर दे. शाहू स्टेडियमवर पेठांच्या सामन्याला किती गर्दी असते, तिथे हरल्यावर घरी कुठल्या गल्लीने जावं लागतं, हे त्या आई-वडिलांना सांग. अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेज खेळाडूंनी तेवढी माणसं स्वतःच्या सामन्याला पाहिलेली नसतात. आणि एक बाजू तुझ्याइतकी कुणाला ठाऊक नाही. इथल्या उपनगरांमधल्या अकादम्यांत आपल्या लोकांची मुलं आता पुष्कळ आहेत. त्यांच्या आई-वडिलांना अभ्यास सोडायचा नसतो, मुलाला खेळही सोडायचा नसतो, आणि डिव्हिजन थ्री म्हणजे काय हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं. महाराष्ट्र मंडळाच्या एखाद्या कार्यक्रमात शनिवारी तासभर जाऊन हे समजावून सांगणारा कोच मी अजून पाहिलेला नाही.

आता तिजोरी. डिव्हिजन थ्रीत खेळाडू फी घेऊन येतात म्हणून सॉकरचा संघ सहसा बंद होत नाही. अशा छोट्या खाजगी कॉलेजांत बंद होतं ते अख्खं कॉलेज. अमेरिकेत २००७ नंतर जन्मदर घसरला, ती मुलं आता १८ वर्षांची होतायत, आणि ओहायोसारख्या राज्यांत त्याची झळ जास्त. क्लीव्हलँडजवळचं नोत्र दाम कॉलेज २०२४ मध्ये बंद झालं. ओहायोतलंच अर्बाना २०२० मध्ये. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न ३१ मे २०२४ ला बंद झालं, तेव्हा त्यांचा बेसबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळत होता. त्या मुलांचं कॉलेज स्पर्धा संपायच्या आत संपलं.

म्हणून आजच तीन कागद शोध. बहुतेक खाजगी ना-नफा कॉलेजांना दरवर्षी करखात्याकडे फॉर्म ९९० भरावा लागतो, तो सार्वजनिक असतो. त्यात सलग दोन-तीन वर्षं तूट दिसते का बघ. शिक्षण खातं प्रत्येक खाजगी कॉलेजला आर्थिक जबाबदारीचा गुणांक देतं, उणे १ ते ३ मध्ये. १.५ च्या खाली असेल तर धोक्याची घंटा. आणि गेल्या पाच वर्षांतली विद्यार्थिसंख्या. सरळ उतरती असेल आणि कॉलेज तरीही नवे खेळ सुरू करत असेल, तर ते संख्या वाढवायची शेवटची धडपड करतंय असं समज. इंजिनिअर आहेस, हे आकडे तुला वाचता येतील. तिन्ही वाईट निघाले तर माझा सल्ला बदलतो: जाऊ नकोस.

व्हिसाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण याच जागी आपली मुलं फसतात. तुझा एच-१बी तुझ्या विद्यापीठाच्या नावाचा आहे. नव्या कॉलेजला नवा अर्ज करावा लागेल. ना-नफा कॉलेज असल्याने, दरवर्षीच्या मर्यादित व्हिसांसाठी काढतात त्या लॉटरीचा प्रश्न नाही. पण "कोच" हे पद विशेष पदवी लागणारं आहे हे प्रत्येक वेळी नव्याने पटवून द्यावं लागतं, आणि छोट्या कॉलेजच्या मनुष्यबळ विभागाने असा अर्ज कदाचित कधीच केलेला नसेल. अर्ज मंजूर झाल्याचा कागद हातात येईपर्यंत जुन्या नोकरीचा राजीनामा देऊ नकोस. जादा फी भरली की १५ कामकाजी दिवसांत निर्णय किंवा आणखी पुराव्यांची मागणी येते. ती फी कॉलेजने भरावी अशी अट आत्ताच घाल, कारण ऑफर हातची जाईल ही भीती तुला आहे, तशी तू नाही म्हणशील ही भीती त्यांनाही आहे.

त्याहून मोठी गोष्ट ग्रीन कार्ड. एच-१बीच्या जास्तीत जास्त सहा वर्षांतली तीन संपली. पुढे मुदतवाढ हवी तर साधारणपणे ग्रीन कार्डची प्रक्रिया सहावं वर्ष संपायच्या किमान एक वर्ष आधी सुरू झालेली असावी लागते. म्हणजे नव्या नोकरीत तुझ्याकडे जेमतेम दोन वर्षं. भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून लांब आहे, हे तुला माहीत आहे. तेव्हा रांगेत नंबर लागणं महत्त्वाचं. कॉलेज हे पहिल्याच वर्षी सुरू करणार का, हे लेखी घे. डिव्हिजन थ्रीतल्या कोचांना बऱ्याचदा एखादा वर्गही शिकवायला देतात. तुझ्या पदात खरोखर वर्गात शिकवण्याचं काम असेल तर कॉलेज शिक्षकांसाठी असलेल्या वेगळ्या तरतुदीतून अर्ज करता येतो का हे वकिलाला विचार. त्या तरतुदीला निवड झाल्यापासून १८ महिन्यांची मुदत आहे, ती चुकली की गेली. वकील तुझा स्वतःचा असावा. कॉलेजचा वकील कॉलेजसाठी काम करतो.

उन्हाळी कॅम्प हा हेड कोचच्या मिळकतीचा मोठा भाग असतो. पगार कमी वाटला तर "कॅम्पमधून भरून निघेल" असं तुला सांगतील, आणि बहुतेक कोच त्यासाठी स्वतःची छोटी कंपनी काढतात. तू काढू नकोस. एच-१बीवर तू फक्त ज्याने अर्ज केला त्याच्याकडेच काम करू शकतोस. कॅम्प कॉलेजच्या नावाने व्हावा आणि त्याचे पैसे तुझ्या पगारातून यावेत, असं पत्रात लिहून घे. हे वाचणाऱ्या आणि अजून शिकत असलेल्या ग्रॅज्युएट असिस्टंट मुलांनाही सांगते: एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांच्या वर काम करता येत नाही. कोच कितीही प्रेमाने "आणखी थोडा वेळ थांब" म्हणाला तरी तास मोजून ठेवा. बाहेरच्या कॅम्पमध्ये परवानगीशिवाय रोख पैसे घेऊन काम तर कधीच करू नका.

बायकोबद्दल तू एकच ओळ लिहिलीस. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटली. "जायचं नाही आणि अडवायचंही नाही" यावर तू हो म्हणून मोकळा होऊ नकोस. तिने नोकरी सोडावी असं मी मुळीच सुचवणार नाही. तिचा स्वतःचा व्हिसा आहे, आणि तुझ्या व्हिसावर आली तर तुझ्या ग्रीन कार्डचा एक टप्पा मंजूर होईपर्यंत तिला काम करायची परवानगी मिळणार नाही. शिवाय कॉलेजचं काही बरंवाईट झालं तर घरात एक पक्की नोकरी हवी. तुम्ही दोन तासांवर आहात. मधल्या एखाद्या गावात घर घ्या, दोघांनीही तासभर गाडी चालवा. ऑगस्ट ते नोव्हेंबर तुला रात्री उशीर होईल, तेव्हा कॉलेजकडे कॅम्पसवर एखादी खोली माग. छोट्या कॉलेजांकडे पैसे नसतात, खोल्या असतात. डिसेंबरचे दोन आठवडे आणि कॅम्प संपल्यानंतरचा जुलैचा एक आठवडा तिच्या नावाने आत्ताच कॅलेंडरवर लिहून टाक, आणि त्या काळात कुठलाही खेळाडू बघायला जायचं नाही. दोन वर्षांनी बसून पुन्हा ठरवा, आणि त्या वेळी तिचं मत आधी ऐकायचं. पण आज रात्री तिला विचार की तिला नक्की कशाची भीती वाटते. गावातल्या एकटेपणाची, पैशांची, की तू वर्षातले चार महिने घरात असूनही नसशील याची? उत्तरागणिक उपाय वेगळा आहे.

आबांना समजावण्यात जास्त शक्ती घालू नकोस. तू कोल्हापुरातून आलास, तेव्हा फुटबॉल म्हणजे काय हे त्यांना माहीत आहे. पेठेचा सामना असला की दुकानाची फळी लवकर लावणारी माणसं आहेत ती. त्यांना धास्ती आहे ती महिन्याच्या पगाराची आणि म्हातारपणच्या तजविजीची. तेव्हा त्यांना पद सांग, पगार सांग, आरोग्यविमा आणि निवृत्तीसाठी कॉलेज किती पैसे टाकतं ते सांग. अमेरिकेत हेड कोच हा सहसा कॉलेजचा पगारी, पूर्णवेळ कर्मचारी असतो, हेही सांग. आपल्याकडे पेठेचा कोच मानधनाशिवाय उभं आयुष्य देतो, त्यामुळे हे काम पगारी असतं अशी कल्पनाच त्यांना नसेल. संघाचा पहिला सामना ऑनलाइन दिसतो का ते बघ. ओहायोत संध्याकाळी सातला सुरू झाला तर कोल्हापुरात पहाटेचे साडेचार वाजलेले असतील. ते उठतील याबद्दल मला शंका नाही.

उद्या सकाळी कॉलेजला ईमेल पाठव: आनंद झाला, उत्सुक आहे, आणि उत्तराआधी या गोष्टी लेखी हव्यात. यादीत खेळाडूंच्या प्रवेशाची अपेक्षा, पूर्णवेळ असिस्टंट आहे की नाही, बस आणि जेवणाचं बजेट, ट्रेनरची वेळ, एच-१बीचा खर्च, ग्रीन कार्डचं वर्ष आणि कॅम्पचा पगार एवढं घाल. दहाऐवजी पंधरा दिवस माग. चांगलं कॉलेज देतं. आणि तुझ्या सध्याच्या हेड कोचला हे सगळं तुझ्याच तोंडून, त्याला बाहेरून कळायच्या आत सांग. पुढच्या प्रत्येक नोकरीसाठी पहिला फोन त्यालाच जाणार आहे.

तुझी,
ताई